गुंता कोणाचा मोठा आणि सांभाळतो कोण चांगला?

नाशिक जिल्ह्याच्या एका बाजूला सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या बाजूला मालेगावचे यंत्रमाग. मध्ये मुंबई-आग्रा रस्त्याचे शंभरेक किलोमीटर. सातपूरला महिंद्रच्या मोटारगाड्या तयार होतात. बॉश कंपनीचे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘मायको’चे, डिझेल इंजिनाचे भाग तयार होतात. मालेगावला लाखाहून अधिक मागांवर कोरे कापड निघते. वरवर पाहता या दोघांचे एकमेकांशी काही देणेघेणे नाही. पण एका बाबतीत मोटारीची कंपनी आणि बारा मागांचा कारखानदार सारखेच आहेत. दोघांचाही माल दहा हातांतून येतो आणि दहा हातांतून जातो. यातला एक हात आखडला की यांचे काम थांबते.

मालेगावचेच पाहा. सूतगिरणीतून सूत निघते, ते सूत व्यापाऱ्याकडे येते. ताण्याचे सूत सायझिंगला जाते, तेथे त्याला खळ लागून बीम तयार होतो. बाण्याच्या सुताच्या कांड्या भरल्या जातात. मग माग. मागावरून उतरलेले कापड फोल्डिंगला, तेथून दलालामार्फत व्यापाऱ्याकडे, आणि रंगाई-छपाईसाठी थेट राजस्थानातील पाली-बालोतरा किंवा गुजरातेतील जेतपूरपर्यंत. कापड ग्राहकाच्या अंगावर चढेपर्यंत आणखी तीन-चार दुकाने लागतात. व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके याला ‘पुरवठा साखळी’ म्हणतात. साखळी हा शब्द फारच सरळ आहे. प्रत्यक्षात तो गुंता असतो.

या गुंत्याकडे आमचे लक्ष गेले ते एका कारखानदाराच्या प्रश्नामुळे. शुक्रवार होता, माग बंद होते, जुम्याच्या नमाजनंतर चहाला बसलो होतो. ते म्हणाले, “माझे बारा माग, शेजाऱ्याचेही बाराच. तो दोनच प्रकारचे कापड काढतो, मी सहा प्रकारचे. त्याच्या हातात पैसा खेळतो, माझ्याकडे पगाराच्या दिवशी चणचण. चार प्रकार बंद करून टाकतो. तुमचे काय मत?” त्या चार प्रकारांवर त्यांचे जुने गिऱ्हाईक होते आणि ते कापड नीट काढू शकणारे दोन कारागीर होते. प्रकार बंद म्हणजे त्या दोघांचीही रजा. तेव्हा मत देण्याआधी मोजले पाहिजे, असे आम्ही म्हटले. काय आणि कसे मोजले तेच या लेखात सांगत आहोत. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

पहिले माप पैशाचे. सुतासाठी खिशातून गेलेला रुपया कापड विकून परत खिशात येईपर्यंत किती दिवस बाहेर असतो? मोठमोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदावरून हाच आकडा काढतात आणि त्यासाठी तीनच रकमा लागतात. घरात पडलेला माल, म्हणजे सूत, बीम, मागावरचे आणि घडी घातलेले कापड सर्व धरून. लोकांकडून येणे. आणि आपले लोकांना देणे.

बारा माग, दर मागामागे दिवसाला ५० मीटर, म्हणजे ६०० मीटर. शुक्रवार सोडून महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर १५,६०० मीटर. पण येथे एक खुबी आहे. माग शुक्रवारी थांबतो, उधारी थांबत नाही. म्हणून महिन्याचे पूर्ण ३० दिवस धरावेत. दिवसाला सरासरी ५२० मीटर आले. मीटरला एकूण खर्च २५ रुपये धरला तर रोज १३,००० रुपयांचे काम झाले. हा झाला आपला दिवसाचा गज. आता प्रत्येक रक्कम याच गजाने मोजायची. काटेकोर हिशेबात येणे विक्रीच्या भावाने धरतात. आम्ही सारे एकाच भावाने धरले, म्हणजे गणित पाटीवर होते.

या कारखानदारांकडे माल निघाला ४,५५,००० रुपयांचा, म्हणजे ३५ दिवस. येणे १०,४०,०००, म्हणजे ८० दिवस. सूतवाल्याचे देणे १,९५,०००, म्हणजे १५ दिवस. पस्तीस अधिक ऐंशी वजा पंधरा, बरोबर १०० दिवस. तेरा लाख रुपये कायम घराबाहेर. आकडा पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेजाऱ्यांनी मोकळ्या मनाने आपले आकडे दिले, त्यांचे ६५ दिवस निघाले.

येथेच बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात, पाहा, ६५ वाला हुशार, १०० वाला ढिला. पण हे माप अपुरे आहे. दोन प्रकारचे कापड काढणाऱ्याला दोन जातींचे सूत ठेवावे लागते, सहा प्रकारवाल्याला पाच-सहा. बीम बदलताना माग थांबतो, गाठी माराव्या लागतात. प्रकार जास्त तितका खोळंबा जास्त. गिऱ्हाईक वेगवेगळे, त्यांची उधारीची रीत वेगवेगळी. डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्याची आणि मोकळ्या हातांनी चालणाऱ्याची शर्यत लावून निकाल देण्यासारखेच हे झाले. ज्याच्या डोक्यावर जितके ओझे, तितके ओझे असलेल्यांशीच त्याची तुलना झाली पाहिजे.

ही कल्पना आमची नाही. फॅरेल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली ती मांडली. कारखान्याची कार्यक्षमता पुस्तकातल्या आदर्शाशी ताडून पाहू नका, प्रत्यक्षात काम करणाऱ्यांपैकी जे सर्वात पुढे आहेत त्यांची एक रेषा काढा आणि बाकीचे त्या रेषेपासून किती मागे आहेत ते मोजा, असे त्याचे म्हणणे. १९७८ मध्ये अमेरिकेतील चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी त्याचे गणित पक्के केले. गंमत अशी की ते पहिल्यांदा वापरले गेले शाळांसाठी. गरीब वस्तीतील शाळेचा निकाल श्रीमंत वस्तीतील शाळेशी ताडणे अन्यायाचे, हे त्यांना दिसत होते. पुढे हीच रीत बँका, इस्पितळे आणि कंपन्यांच्या पुरवठा साखळ्यांना लागू झाली. कंपन्यांकडे ओझी अनेक असतात, मालाचे प्रकार, पुरवठादारांची संख्या, देश, गोदामे. म्हणून त्यांना संगणक लागतो. आपल्याला कागद पुरतो.

आम्ही काय केले, तर त्यांच्या बीसीच्या मंडळींकडून चिठ्ठ्या घेतल्या. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त कापडाचे प्रकार आणि तीन रकमांचे दिवस. धंद्याचा आकडा कोणी उघड सांगत नाही, बिननावाच्या चिठ्ठीवर मात्र लिहितो. दोन प्रकार काढणाऱ्यांत सर्वात कमी दिवस निघाले ४०. सहा प्रकार काढणाऱ्यांत सर्वात कमी ७०. हे दोघे झाले रेषेवरचे. आता शेजाऱ्यांचे पाहा. दोन प्रकारांचे ओझे ४० दिवसांत पेलता येते हे कोणीतरी करून दाखवले आहे. त्यांना ६५ लागतात. चाळीस भागिले पासष्ट, शंभरात जवळजवळ ६२. आमच्या कारखानदारांचे सत्तर भागिले शंभर, शंभरात ७०. म्हणजे ज्यांच्या हातात पैसा खेळताना दिसतो, ते आपला गुंता यांच्यापेक्षा वाईट सांभाळत आहेत. गुंताच लहान असल्याने ते झाकून जाते. (शेजाऱ्यांना हा ६२ चा आकडा अजून कोणी सांगितलेला नाही. हे पान त्यांच्याही घरी जाते, तेव्हा आम्ही येथेच माफी मागून ठेवतो.)

एक चिठ्ठी चार प्रकारवाल्याची होती, ६० दिवसांची. चार प्रकारांत त्याच्या जोडीला दुसरा कोणी नव्हता. अशा वेळी दोन आणि सहाच्या मधोमध, चाळीस आणि सत्तरच्या मधोमध, म्हणजे ५५ धरायचे. पंचावन्न भागिले साठ, शंभरात जवळजवळ ९२. ज्यांना बीसीची मंडळी मिळत नाहीत त्यांनी आपल्याच बारा महिन्यांना बारा कारखाने समजावे. रमजानच्या आधी प्रकार वाढतात, पावसाळ्यात घटतात. जास्त प्रकारांच्या महिन्यांची तुलना तशाच महिन्यांशी करावी.

शंभरात ७० म्हणजे ३० दिवस मागे, पैशात ३,९०,००० रुपये. पण हे तीस दिवस कोठे गेले? सत्तर दिवसवाल्याची चिठ्ठी आम्ही शेजारी ठेवली. त्याचा माल ३० दिवसांचा, येणे ५५ दिवसांचे, देणे १५ दिवसांचे. आमच्या कारखानदारांचा माल ३५ दिवसांचा. फरक फक्त पाच दिवस, ६५,००० रुपये. सहा प्रकारच्या कापडांचा जो दोष ते मानत होते, तो एवढाच. उरलेले २५ दिवस, ३,२५,००० रुपये, वसुलीत अडकले होते. चार प्रकार बंद केले असते तर दोन कारागीर गेले असते, जुने गिऱ्हाईक गेले असते, आणि उधारी जागच्या जागीच राहिली असती.

मग वसुलीची वही उघडली. व्यापारी पैसे उशिरा देतात ही तक्रार कोणाची नाही? पण गेल्या ४० बिलांचे कागद एकेक करून पाहिले तेव्हा ९ बिलांत काही ना काही गोम निघाली. कोठे मीटर कमी, कोठे भलत्याच प्रकारचे दोन तागे गठ्ठ्यात गेलेले, कोठे बिलावरचा भाव चुकलेला, कोठे माल ठरल्या तारखेनंतर गेलेला. आणि एक तागा वादात पडला की व्यापारी पूर्ण बिल रोखून धरतो. त्याला निमित्तच हवे असते, ते आपण आयते हातात देतो.

कंपन्यांत यासाठी वेगळे माप आहे, बिनचूक ऑर्डरचे. माल पूर्ण गेला का, वेळेवर गेला का, डागाविना गेला का, बिल बरोबर होते का? चारही गोष्टी जमल्या तरच ती ऑर्डर बिनचूक धरायची. यात माणूस फसतो तो असा. प्रत्येक बाबतीत शंभरात ९५ वेळा आपण बरोबर असलो तर आपल्याला वाटते ९५ गुण झाले. तसे नाही. या चारही टक्केवाऱ्यांचा गुणाकार होतो आणि बिनचूक ऑर्डरी राहतात शंभरात ८१. हात वाढले, टप्पे वाढले की हा आकडा खाली घसरतो. गुंत्याची खरी किंमत येथे द्यावी लागते.

बिनचूकपणा कसा आणायचा हे नाशिकच्या द्राक्षबागायतदारांनी फार महाग किंमत देऊन शिकले आहे, म्हणून थोडे विषयांतर. युरोपला जाणारी द्राक्षे हजारो लहान बागांतून येतात. एका पेटीत दोष निघाला तर तो कोणत्या बागेचा हे कळावे म्हणून अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट ही नोंदणीची पद्धत सुरू केली. बागेला नोंदणी क्रमांक, तपासणीचा अहवाल त्या क्रमांकावर, आणि पेटीवरून मागे जात थेट बागेपर्यंत पोहोचण्याची सोय. तरी २०१० मध्ये घाव बसलाच. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश युरोपात द्राक्षांत सापडला आणि आपले कंटेनर अडकले. हे रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. निर्यातदार आणि बागायतदार दोघेही बुडीत गेले. त्यानंतरच्या वर्षांत दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांची सह्याद्री फार्म्स ही कंपनी उभी केली. तेथे बागेतल्या फवारणीपासून पेटी बंद होईपर्यंत प्रत्येक पायरीची नोंद राहते. हजारो बागांचा गुंता कमी झालेला नाही. त्याला क्रमांक मिळाला आहे.

आमच्या कारखानदारांकडे सहा प्रकारचे तागे एकाच कोपऱ्यात रचलेले होते. कोणता तागा कोणत्या बीमचा, हे एका जुन्या फोल्डिंगवाल्याच्या नजरेवर चाले, आणि तो रजेवर गेला की गठ्ठे चुकत. आता दर बीमला क्रमांक आहे. तागा उतरताच त्याच्या टोकावर बीमचा क्रमांक, मीटर आणि तारीख लिहिली जाते, आणि तोच क्रमांक बिलावर जातो. खर्च एका खडूचा आणि एका वहीचा. माल निघाल्याची तारीख ई-वे बिलावर आयतीच मिळते. हे कागद आपण फक्त गाडीवाल्याच्या भीतीने जपतो, हिशेबासाठी वापरत नाही.

आता दुसरी बाजू. सर्व दोष आपलाच असतो असेही नाही. मोठ्या कंपन्यांच्या अहवालात हेच दिवस फार कमी दिसतात, काहींचे तर उणे असतात. अमेरिकेतील डेल या संगणक कंपनीने १९९० च्या दशकात ही किमया केली. गिऱ्हाईकाकडून पैसा आधी घ्यायचा आणि सुटे भाग देणाऱ्याला नंतर द्यायचा. कंपनीचे दिवस घटले, त्यातले काही पुरवठादाराच्या खात्यावर चढले. कमी दिवसांचा आकडा पाहिला की तो कोणाच्या खिशातून आला हे आम्ही आधी विचारतो. अंबडच्या एखाद्या लहान वर्कशॉपवाल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर कायदा आहे आणि आपल्यातील बऱ्याच जणांना तो अर्धवट माहीत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ठरवून घेतली तरी ही मुदत ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. एप्रिल २०२४ पासून आयकराच्या हिशेबातही ही गोष्ट आली. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येते. त्यामुळे मार्चअखेर व्यापारी स्वतःहून चौकशी करू लागले आहेत. मात्र यासाठी आपली उद्यम नोंदणी हवी, आणि हे संरक्षण माल तयार करणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. उशिराच्या रकमेवर कायदा व्याजही देववतो. ते घ्यायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या दीनावर सोडू. मुद्दल वेळेवर मागण्यात कोणाला संकोच नसावा. अर्थात कायद्याचे नाव काढताच व्यापारी शेजाऱ्याच्या दारात जाऊ शकतो, हेही आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आधी आपले बिल बिनचूक करावे. बिनचूक बिलावर बोलताना आवाज आपोआप मोकळा होतो.

मालाचे दिवस कमी करण्याच्या भरात कोणी कोठार पार रिकामे करू नये, यासाठी एक उदाहरण देतो. मोटार कंपन्यांनी साठा कमीत कमी ठेवण्याची कला वर्षानुवर्षे घोटली. २०२१ मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा झाला. त्या सप्टेंबरमध्ये महिंद्रने आपल्या मोटार कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील आणि २० ते २५ टक्के उत्पादन घटेल असे जाहीर केले. नखाएवढी वस्तू नाही म्हणून अख्खी गाडी उभी. तेव्हा कोणता माल एकाच दारातून येतो हे पाहून त्याचे चार दिवस जास्तच ठेवावेत. आमच्या कारखानदारांकडे एका जातीचे बारीक सूत एकाच व्यापाऱ्याकडून येते. ते आम्ही कमी करू दिले नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा जाणे झाले. सहाही प्रकार चालू आहेत, दोघे कारागीर कामावर आहेत. दारामागच्या भिंतीवर खडूने तीन आकडे लिहिलेले होते: ३३, ७१, १५. म्हणजे शंभराचे ८९ झाले. आठ व्यापाऱ्यांपैकी एकाचे येणे शंभर दिवसांच्या पुढे होते, त्याचा माल त्यांनी थांबवला आहे. सहापैकी एक प्रकार हिशेबाने खरोखरच परवडत नाही, हे आम्ही त्यांना दाखवले. तो त्यांच्या वडिलांच्या वेळच्या गिऱ्हाईकाचा आहे. “तो राहू द्या,” ते म्हणाले, आणि पुढच्या महिन्यासाठी भिंतीवर जागा पुसून ठेवली.